होमाच्या वेळी बंद पडलेला भोंगा

दुकानात गिऱ्हाइकांशी घासाघीस करता करता मी देवीशीही तेच करायला लागले होते. अंबादेवीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, माझ्या पोराचा दमा घेऊन जा, तुला चांदीचे डोळे वाहीन. चार वर्षांचं लेकरू, झोपेतही छातीत शिट्टी वाजायची. मग अमरावतीच्या डॉक्टरांनी वाफेचं मशीन घ्यायला लावलं. औषधात स्टेरॉईड आहे हे ऐकून मी त्यांच्याशीही भांडले. ते शांतपणे म्हणाले, ‘‘बाई, हे थेट छातीत जातं, म्हणून थोडंच पुरतं. श्वासनळ्यांची सूज हळूहळू उतरते. खेळायला लागला म्हणून मनानं बंद करू नका. धाप लागली तर द्यायचं औषध वेगळं आहे.’’ मी ऐकलं. सकाळ-संध्याकाळ मास्क लावायचा, वाफ झाली की चूळ भरायला लावायची, तोंड धुवायचं. थोड्याच महिन्यांत पोरगं जिना पळत चढू लागलं.

नवरा गेल्यावर भासऱ्यांनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावानं, मला तेल्हाऱ्याच्या घरातून काढलं होतं. अमरावतीच्या राजापेठेतलं भांड्यांचं दुकान मी त्यानंतर एकटीनं उभं केलं. सून नको, पण नातू हवा, अशी त्या घराची रीत. दिवाळीत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मशीन आणि दोन्ही औषधं देऊन पोराला सासूबाईंकडे पाठवलं. दिवाळीनंतर भासऱ्यांनी शेतात कुलदेवीचा होम ठेवला होता. लागोपाठची वर्षं कापूस हातचा गेलेला, गावात कुणाच्या तोंडावर रया नव्हती. मी पोराला न्यायला पोहोचले तेव्हा होम पेटलेला होता, आणि माझा मुलगा धुराजवळ खांदे उचलून श्वास ओढत बसलेला. बरगड्यांमध्ये खळगे पडत होते. कपाळावर अंगारा.

‘‘रोजची वाफ दिली नाही?’’ मी सासूबाईंना विचारलं. भासरे म्हणाले, ‘‘पोरगं चांगलं खेळून राहिलं होतं. कायले पाहिजे ते स्टेरॉईड? हाडं ठिसूळ होतात. देवीचा अंगारा देऊन राहिलो रोज.’’

मी पोराला उचलून दूर बांधावरच्या खोलीत नेलं. सासूबाईंनी सोबत आणलेल्या पिशवीतच मशीन होतं, नळीसुद्धा उलगडलेली नव्हती. धाप लागल्यावरचं औषध मी त्यात भरलं, पण लाईट नव्हती. त्या वर्षांत आमच्याकडे लाईट येणं हीच बातमी असायची. होमासाठी जनरेटर आणला होता, पण खोलीपर्यंत पोहोचेल अशी लांब वायर एकच होती आणि ती भोंग्याला लावलेली. मी भासऱ्यांना वायर मागितली. ‘‘पूर्णाहुती तोंडावर आली,’’ ते म्हणाले, ‘‘थांब जराशी.’’ मी आयुष्यात कुणाचे पाय धरले नव्हते. त्या दिवशी धरले. त्यांनी पाय मागे घेतले.

जनरेटरवाला बाजूलाच बसला होता. तालुक्यातला मुसलमान माणूस, पांढरी दाढी, मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं कुणाला विचारलं नाही. उठला आणि वायर ओढून काढली. मंत्र अर्ध्यातच बंद पडला. भासरे ओरडले, ‘‘होम बाटवला रे यानं!’’ तो वायर खोलीकडे नेता नेता म्हणाला, ‘‘भोंग्याले काय घाई हाये, शेठ? तुमी बोला ना तोंडानं. देवी काय बहिरी हाये?’’ मशीन सुरू झालं. मास्कमध्ये वाफ भरली. मी पहिल्यांदाच देवीला काही देऊ केलं नाही. तिचं नाव तेवढं घेत बसले. श्वास जरा सैल झाला, तसं त्याच माणसानं आम्हाला आपल्या टेम्पोतून अकोल्याच्या दवाखान्यात पोहोचवलं. मी पर्स उघडली तर रागावला. ‘‘हे काय बाजार हाये काय, बाई? लेकराले पाहा.’’ मी पर्स मिटली आणि पोराला उचलून आत गेले.

पुढच्या वर्षीही पावसानं दगा दिला. भासरे आजही चारचौघांत सांगतात की माझ्या मशीननं होम मोडला म्हणून पीक गेलं. आणि पोरगं वाचलं ते त्यांच्या अंगाऱ्यानं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मुलाची रोजची वाफ मी त्यानंतर कुणाच्या हाती दिली नाही. डॉक्टर तपासतात, तेच मात्रा कमी करतात. मशीन घरघरत असतं तेवढा वेळ माझ्या ओठांवर देवीचं नाव असतं. पोराला तिनं वाचवलं की त्या माणसानं, याचा वाद मी घालत नाही. दोघांचीही मी ऋणी आहे.

भासऱ्यांना माफ करायला मात्र मला जमलं नाही. खूप प्रयत्न केला, पण त्यांनी मागे घेतलेले पाय आठवतात. गेल्या नवरात्रात अंबादेवीसमोर हात जोडून एवढंच म्हटलं, आई, हे माझ्यानं होत नाही, हा राग तूच घे. बदल्यात काही द्यायचं बोलले नाही. बाहेर येऊन चपला घातल्या तेव्हा राग होताच, पण पहिल्यांदाच तो मी एकटी वाहत नव्हते.