वाढत्या अंगाची राई

माझ्या मामाला सगळे तोंडावर मास्तर म्हणतात आणि पाठीमागे दोन-इंची मास्तर. कपडे शिवण्यात त्याची हयात गेली. त्याच्या हाताला सफाई आहे, त्याचं काज मशीनच्या काजापेक्षा सरळ येतं, हे त्याचे शत्रूही मान्य करतील. पण त्याने आयुष्यभर प्रत्येक मापात दोन इंच वाढवून लिहिले. छाती छत्तीस भरली की वहीत अडतीस. शिवणीत आतून माया ठेवतात, ती निराळी. हे दोन इंच सरळ अंगावर लोंबायचे.

त्याचं म्हणणं असं की माणूस माप आज देतो आणि कपडा पुढची दहा वर्षं घालतो, मधे तो वाढणार नाही का? हा न्याय तो सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही लावायचा. माझं सगळं बालपण दोन इंच सैल गेलं. शाळेच्या झग्यात मी दोन्ही हात बाह्यांतून आत ओढून, आतल्या आत बोरं सोलून खाल्ली आहेत आणि बाईंना पत्ता लागला नाही. बोरं सोलून कोण खातं, असं विचारू नका. वेळ भरपूर होता आणि जागाही भरपूर होती.

कुणी तक्रार घेऊन आलंच, तर मामा त्याला आरशासमोर उभं करायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि काळजीच्या सुरात म्हणायचा, "माप बरोबर आहे. तुम्हीच वाळलात. घरी सगळं ठीक आहे ना?" माणूस कपड्याचं विसरून डॉक्टरकडे जायचा. "माझं माप चुकलं" हे तीन शब्द चाळीस वर्षांत मामाच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मामीनेसुद्धा नाही, आणि तिने तर लग्नातला ब्लाउजही टाचण्या लावून घातला होता.

असा हा माणूस एक दिवस काजाचं मशीन आणायला म्हणून गेला आणि रान विकत घेऊन आला.

रान म्हणजे अगदी रान नव्हे. गावाबाहेर बसने पाऊण तास, मग पायी वीस मिनिटं, मग एक कुंपण, आणि आत रुंद पानांच्या एकशे चौदा झाडांची राई. मशीनवाल्याचं दुकान बंद होतं, शेजारी पाटी लागली होती "राई विकणे आहे", आणि मामा म्हणे सहज बघायला गेला. मामीने डोक्याला हात लावला. "काजं काय आता झाडं करणार आहेत?" मामा म्हणाला, "अगं, तिथे उभं राहिलं की कुणी घाई करत नाही. एकशे चौदाजण उभे आहेत, पण एकजण विचारत नाही की कधी देता." हे मात्र मामीला पटलं, कारण दुकानातली गर्दी तीच रोज झेलायची.

दुसऱ्याच सुट्टीला मामाने गळ्यातली टेप घेऊन सगळ्या झाडांची मापं घेतली. गिऱ्हाइकांच्या त्याच वहीत. त्यामुळे औषधवाल्याच्या पाठोपाठ "झाड ७, छाती ४०, डावा खांदा उतरता" अशी नोंद सापडते. झाडाला टेप लावताना तो हलकेच म्हणायचा, "श्वास सोडा." मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. दर सुट्टीला तो चहाचा थर्मास घेऊन जायचा, दिवसभर पाचोळ्यात बसायचा आणि संध्याकाळी केसांत काड्या घेऊन परत यायचा. चाळीस वर्षांत मी त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा.

मग वनखात्याचा फॉर्म आला. खासगी राईच्या मालकाने दर दोन वर्षांनी प्रत्येक झाडाचा छातीइतक्या उंचीवरचा घेर भरून द्यायचा होता. "झाडाला छाती असते हे सरकारलाही कळतं, बघ!" असं म्हणत मामाने वही उघडली आणि एका बैठकीत एकशे चौदा आकडे उतरवून काढले. मीच तो फॉर्म पोस्टात टाकला. मला तेव्हा सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

महिन्याने उत्तर आलं. घेर चाळीस इंच झाला की झाड पूर्ण वाढलेलं समजतात. पूर्ण वाढलेलं झाड कुणाच्याही अंगावर पडू शकतं. आपली एकशे तीन झाडं पूर्ण वाढलेली असून, आपण ती तीन महिन्यांत न तोडल्यास खातं ठेकेदारामार्फत तोडून घेईल.

"कुणाच्या अंगावर पडतील?" मामा म्हणाला. "तिथे मी एकटाच बसतो."

मी वही ओढली. "मामा, हे आकडे तुझ्या पद्धतीचे आहेत. झाडं अडतीसची आहेत. वरचे दोन इंच तुझे."

मामाने चष्मा कपाळावर सरकवला. "माप बरोबर आहे," तो म्हणाला. पण झाडं वाळली असं काही त्याला म्हणता येईना.

आम्ही दोघं वनखात्याच्या कचेरीत गेलो. जिन्याखालच्या खोलीत एक साहेब बसले होते, किडकिडीत, अंगात ढगळ कोट. मी तो कोट लगेच ओळखला. साहेबांनीही मामाला ओळखलं.

"मास्तर, हा माझ्या लग्नातला कोट. अठरा वर्षं झाली. अजून मी यात वाढतोच आहे."

"वाढाल, वाढाल," मामा म्हणाला. "साहेब, तुम्ही येऊन झाडं मोजून जा ना."

"कशाने मोजू? खात्याकडे टेप नाही. मागवली आहे, सात वर्षं झाली. म्हणून तर नियम आहे, मालकाने दिलेलं माप अंतिम." साहेबांनी कपाटातून एक कागद काढला. "एकच वाट आहे. 'माझे माप चुकले' असं लिहून सही करा, नवी मापं जोडा. हा कागद तीस दिवस बाजारचौकातल्या फलकावर लावावा लागतो, तोवर तोड थांबते. कुणाची हरकत आली नाही, की झाडं मोकळी."

"फलकावर?"

"मोठ्या अक्षरात."

मामाने कागदाची घडी करून खिशात घातली. घरी मामी म्हणाली, "अहो, करून टाका सही. सगळ्या गावाला माहीतच आहे."

"माहीत असणं वेगळं," मामा म्हणाला, "आणि मी म्हणणं वेगळं." तो कागद अडीच महिने शिलाई मशीनच्या खणात रिकाम्या रिळांखाली पडून राहिला. माझी त्याच्यावर इतकी चिडचिड झाली की मी दोन आठवडे त्याच्याकडे गेलेच नाही.

शेवटी ठेकेदाराचा माणूस राईत येऊन गेला. पुढच्या सुट्टीला मामाने मला आणि मामीला बळेच सोबत नेलं. एकशे तीन खोडांवर, कमरेच्या जरा खाली, पांढरी आडवी रेघ मारलेली होती. मामा एकेका झाडापाशी जाऊन रेघेवर अंगठा फिरवू लागला. ज्याने आयुष्यभर कापडावर खडू ओढला, त्याला त्या रेघेचा अर्थ सांगावा लागत नाही. खडू जिथे लागतो तिथून कात्री जाते. सातव्या झाडापाशी, त्या डावा खांदा उतरलेल्या, तो खाली बसला आणि म्हणाला, "पेन दे."

खिशातून तो कागद काढून त्याने गुडघ्यावरच सही केली. मला रडू आलं आणि मामीने मला कोपर मारलं.

कागद फलकावर लागला. हरकत कुणाचीच आली नाही, गिऱ्हाइकं मात्र आली. पहिल्या दिवशी औषधवाला आला, बारा वर्षांपूर्वीची पँट घेऊन. दुसऱ्या दिवशी रांग चौकापर्यंत गेली. वरात निघावी तसे लोक जुने कोट, झगे, गणवेश हातांवर टाकून उभे होते. एक बाई मेलेल्या सासऱ्याचा शर्ट घेऊन आली. आता कुणाच्या मापाने आत घ्यायचा, हे तिलाही सांगता येईना, पण तिला न्याय हवा होता. मामाने एकालाही परत पाठवलं नाही. पाच महिने तो मान खाली घालून उसवत होता आणि दोन-दोन इंच आत घेत होता. आणि "वाळलात" हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही. मला तो आवडायचा खरं तर, तो शब्द.

झाडं वाचली. पण झाडंच ती, ती वाढली.

दोन वर्षांनी नवा फॉर्म आला. मामाने कोरी टेप घेतली आणि आम्हा दोघींना राईत नेलं. टेप तो दर वर्षी बदलतो, कारण कापडी टेप ताणली जाते आणि मग कमी दाखवायला लागते. या खेपेला त्याने एक सूतही वाढवून लिहिलं नाही. चाळीस. चाळीस. साडेचाळीस. वीस झाडं मोजून तो थांबला आणि सातव्याला टेकून बसला. "आता काय लिहू?" त्याने मला विचारलं. "आता तर माप खरंच बरोबर आहे."

मामीने पिशवीतून एक पिवळी पडलेली टेप काढली. मी ती ओळखत होते. कपडे घालून बघायच्या खोलीचा पडदा मामी गेली कित्येक वर्षं त्याच टेपने बांधून ठेवायची.

"ही तुमची पहिली टेप," मामी म्हणाली. "फेकून दिली होतीत. घ्या, माझी कंबर मोजा."

"इथे?"

"एकशे चौदाजणांना काय लाज? मोजा म्हणते ना."

मामाने टेप तिच्या कमरेभोवती घेतली, सवयीने म्हणाला, "श्वास सोडा," आणि आकडा पुन्हा एकदा वाचला. मग त्याने वहीचं पहिलं पान उघडलं. तिथे मामी होती, लग्नाआधीची. कंबर चौतीस, वरच्या दोन इंचांसकट. टेपही चौतीसच दाखवत होती. कंबर छत्तीसची होती हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

"बघा," मामी म्हणाली, "तुमचं माप बरोबर होतं."

मामाने टेपचं टोक बोटांनी ताणून पाहिलं. मग तीच टेप त्याने सातव्या झाडाला लावली. अडतीस.

फॉर्म द्यायला मी त्याच्यासोबत गेले. पिवळी टेप त्याच्या गळ्यातच होती. साहेबांनी एकशे चौदा आकडे बोट लावून वाचले. "मास्तर, दोन वर्षांत एकही झाड वाढलं नाही?"

मामाने चष्मा कपाळावर सरकवला. "माप बरोबर आहे, साहेब."

साहेबांनी त्याच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं, पुसट झालेल्या आकड्यांकडे पाहिलं, आणि आपल्या कोटाची सैल बाही वर सारत शिक्का उचलला.

"जपून वापरा ती," ते म्हणाले. "खात्याची अजून आली नाही."