काळी तीनवरून खाली

खेडच्या स्टेशनवर आमच्या गावची माणसं उभी राहतात ती मुंबईच्या गाडीसाठी. मुंबईकर गाववाल्यांनो, तुम्हीही बहुतेक सगळे तसेच गेलात. मी मात्र त्या दिवशी उलट्या दिशेची, रत्नागिरीची गाडी बघत होतो. सोबत एक बॅग, तांदळाची पिशवी आणि बाबा. शाळेत संगीत शिक्षक व्हायचं म्हणून बी.एड.ला प्रवेश घेतला होता. मुंबईला निघालेल्या वाडीतल्या एका काकांनी विचारलं, "पेटी शिकवायची नोकरी असते काय रे?" बाबा तांदळाची पिशवी उचलून उभे राहिले. गाडी दिसली तसे मला म्हणाले, "घाबरू नको. आपली काळी तीन सोडू नको."

मी आधीच घाबरलेला होतो. मी मूळचाच भित्रा. गावात ते कुणाला कळलं नाही, कारण गाताना माझ्या आजूबाजूला नेहमी पंधरा माणसं आणि पुढ्यात बाबा असायचे.

बाबा आमच्या भजनी मंडळाचे बुवा. पेटीवरची तिसरी काळी पट्टी हा त्यांचा सा. पुरुषाच्या गळ्याला ती चढी पडते, आणि नेमका त्याचाच आमच्या मंडळाला तोरा. "सूर खाली घेतलास की मान्सा पेंगतात," असं बाबा म्हणायचे. खेडला शिकवणी लावून मी संगीताच्या परीक्षा दिल्या, राग शिकलो, ताल लिहायला शिकलो, पण पेटीपुढे बसलो की बोट आपोआप तिथेच जायचं.

रत्नागिरीत मांडवीला एका घराची मागची खोली मिळाली. सकाळी उठून मी पाठाचं टाचण घोकत बसायचो. टाचणाच्या वहीत एक रकाना असतो, विद्यार्थी काय करतील याचा. त्यात सगळेच लिहितात, 'विद्यार्थी उत्साहाने प्रतिसाद देतील.' नाही दिला तर काय करायचं, याला रकानाच नव्हता. माझा जीव नेमका तिथेच अडकलेला असायचा. पाठ नापास झाले तर वर्ष जाणार, आणि मंडळातल्या प्रत्येकाला बाबांनी सांगून ठेवलेलं, पोरगा मास्तर होतोय.

पहिला सराव पाठ नववीच्या वर्गावर होता. मागच्या बाकावर वही घेऊन मार्गदर्शक बाई. हात घामाने इतके ओले झाले होते की पेटीचा भाता मला नीट धरवेना. मी एक समूहगीत निवडलं होतं. बोट जायचं तिथे गेलं आणि मी काळी तीनवर सूर लावला. मुली कशाबशा त्या सुरापर्यंत आल्या. मुलांना येता येईना. मला वाटलं लाजतायत, म्हणून मी अजून जोर केला आणि म्हटलं, "मोकळ्या आवाजात!" तेव्हा खिडकीजवळचा एक उंच मुलगा खरंच मोकळ्या आवाजात गायला गेला. नुकता फुटलेला त्याचा गळा वरती जाऊन चिरकला. वर्ग हसून हसून लोटपोट झाला. तो खाली बसला आणि तास संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

बाईंनी नंतर मला बाजूला घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तुम्ही छान गाता," त्या म्हणाल्या, "पण तुमचा वर्ग तुम्ही ऐकलाच नाहीत."

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "पोरा गातात ना?" मी म्हटलं, गातात. त्या महिन्यात मी हे खोटं किती वेळा बोललो असेन, सांगता येणार नाही. पुढच्या प्रत्येक पाठाला तो मुलगा नुसते ओठ हलवायचा. वर्गाची भीती होतीच, पण आता तिच्याही वर एक भीती बसली. या पोराचं गाणं मी कायमचं बंद केलं असेल तर?

शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक होते. वर्गात गेलो, पेटी बंदच ठेवली आणि मुलांना म्हटलं, जिथे जमेल तिथे नुसतं गुणगुणा. टाचणात हे नव्हतं. पहिल्यांदा काहीच आलं नाही, म्हणून मीच आधी गुणगुणलो. मग खरखरीत, बसके आवाज यायला लागले, काळी एकच्या आसपास घुटमळत. मी पेटी उघडली आणि तिथेच सूर दिला. मला तो सूर विहिरीत उतरल्यासारखा वाटत होता. पण खिडकीजवळचा गात होता. चांगला नाही, पण गात होता.

मी पास झालो. आता रत्नागिरीतच एका शाळेत आहे. दिवसाला सहा तास, वर्गात साठ मुलं. गळा उतरला, रुंद झाला. बाबांना हे मी सांगितलं नव्हतं.

यंदा देवळातल्या सप्त्याला घरी गेलो. दुपारी आमच्या मंडळाची पाळी होती. बाबा पेटीवर, मी त्यांच्या शेजारी. सकाळपासून ते मला बोलताना ऐकत होते. माझा अभंग आला तशी त्यांनी पेटी थांबवली, माझ्याकडे वळले आणि हळू विचारलं, "पट्टी कंची?"

आमच्याकडे हा प्रश्न बाहेरगावच्या गायकाला विचारतात. तो पाहुणा असतो, त्याचा मान असतो. घरच्या माणसाला कुणी विचारत नाही. घामाने माझे हात ओले झाले, पहिल्या पाठाला झाले होते तसे. काळी तीन म्हणावं आणि चिरकावं, असंही मनात आलं.

"काळी एक," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली आणि बोटं खाली नेली. पखवाजवाल्याने हातोडी काढून पखवाजाची कातडी पुडी त्या सुराला उतरवली. मंडळातली पंधरा माणसं, ज्यांना मी जन्मापासून वरच्या सुरातच ऐकलंय, चकार शब्द न काढता माझ्यासाठी खाली आली. गावी मी आता पाहुणा आहे, हे मला तेव्हा कळलं. पहिली ओळ मी रडवेल्या आवाजात म्हटली, आणि बाबांनी ती मागून उचलून धरली.