नाळेतल्या पेशी

भारती इनक्यूबेटर उघडण्याआधी दारावर बोटाने दोनदा टकटक करायची. काचेची बशी उचलताना श्वास रोखायची. चहाचा कप आधी गालाला लावून पाहायची. प्रयोगशाळेतून निघताना शेवटची नजर इनक्यूबेटरवरच्या आकड्याकडे. सदतीस अंश, अंगाइतकी ऊब.

तिची मैत्रीण गार्गी चिडवायची, "पोरं झोपवून आलीस काय वं?"

"हो. तुह्या कवितांपेक्षा कमी रडतेत."

काम असं: बाळंतपणानंतर टाकून द्यायची नाळ, आईची सही घेऊन, आणायची. तिच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी बशीत वाढवायच्या. बशी भरली की मधोमध एक ओरखडा काढायचा आणि एक प्रथिन घालायचं. प्रथिन लागलं की कडेच्या पेशी रिकाम्या जागेत चालू लागतात. शरीरात नवी रक्तवाहिनी अशीच सुरू होते.

सध्याच्या बशीतल्या पेशी कन्हान गावच्या मेघाच्या नाळेतल्या. बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. तिचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं होतं.

"ताई, नाळ द्या माह्यी. लेकराजवळ पुरायची रायली."

नाळ कधीच जाळली गेली होती. उरली होती ती तिच्या पेशींची बशी. भारती म्हणाली, "घेऊन येतो."

जानेवारीतला रविवार. भारतीने गार्गीला सोबत घेतलं. बशी डब्यात, डबा स्वेटरच्या आत, पोटाशी.

"गार पडाले नको," ती म्हणाली.

आपण ती पुरायला नेतोय, हे गार्गीला म्हणवलं नाही.

नदीकाठी मातीच्या छोट्या ढिगाशेजारी मेघाने खड्डा करून ठेवला होता. डबा हातात घेताच ती थबकली.

"गरम हाये वं हे. जित्तं हाये काय?"

"पेशीच हायेत, ताई," भारती म्हणाली. "पन चालून रायल्या अजून."

मेघाने डब्याला कान लावला. बराच वेळ. मग डबा परत दिला.

"जित्त्याले कसं पुरू? ठेव तूच. थांबलं की सांगजो."

दुसऱ्या दिवशी ओरखडा पूर्ण भरलेला होता. प्रयोग संपला. आता पेशी मारायला बशीत ब्लीच ओतायचं, एवढंच उरलं होतं. भारतीने पेशींचं खाद्य बदललं. दोन दिवसांनी पुन्हा. एका बशीच्या दोन झाल्या, मग सहा.

महिन्याने गार्गीने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पेशी एकमेकींना धरून बारीक नळ्या करत होत्या. आतून वाहायला काहीच नव्हतं.

नोंदवहीत 'नमुना नष्ट केला' या ओळीपुढे भारतीची सही आहे. तारीख घालायची राहिली आहे.