वण नसलेला फोटो

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अमावस्येला चौकातलं लिंबू ओलांडून जाणारा माणूस आहे मी. शिवाय माझं पोट ज्या धंद्यावर चालतं त्यात चमत्कार आम्हीच करतो — तेही शिसपेन्सिलीने! तरीही लिहितो आहे, कारण या गोष्टीला नऊ वर्षं झाली आणि ती सांगावी असं घरात कोणी नाही...

सीताबर्डीवर एका कापडदुकानाच्या माडीवर आमचा फोटो स्टुडिओ. मी तिथे रिटचर. काचेची निगेटिव्ह उजेडासमोर धरायची आणि चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या टोकदार पेन्सिलीने बुजवायच्या, हे माझं काम. लग्नाच्या मुलींचे फोटो सगळ्यात जास्त. "जरा साफ करून द्या," असं त्यांचे बाप हळूच म्हणतात. आणि साफ करणारा कोण? तर मी! चार वर्षांचा असताना मला देवी आल्या. त्याच साथीत आईवडील गेले आणि माझ्या तोंडाची चाळण झाली.

गिऱ्हाईक आलं की मालक मला आतल्या खोलीत बसवायचे. पुरुषाचं रूप कोण पाहतो, असं म्हणतात. सगळे पाहतात हो! खाणावळीत माझ्या शेजारचा पाट सगळ्यात शेवटी भरायचा. तिशी उलटली तरी कोणी सहज खांद्यावर हात ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. फार एकटं वाटायचं, विशेषतः रविवारी.

अशात माझ्या एका दूरच्या मामांनी स्थळ आणलं. नरखेडचे संत्र्याचे बागाईतदार, त्यांची मोठी मुलगी. त्यांनी मुलाचा फोटो मागितला.

मालकांनी दुपारी दोनच्या सुमारास, उत्तरेच्या काचेतून येणाऱ्या उजेडात माझा फोटो घेतला. काचेची प्लेट मीच धुतली. लाल दिव्याजवळ धरली आणि... गाल सपाट! माझे वण कुठे किती ते मला पाठ आहेत. एकही नव्हता. नाक माझंच, डोळे माझेच, भुवईतला भोवरासुद्धा जागच्या जागी.

मालकांनी प्लेट पाहिली. "काहून गा, ओल्या प्लेटीवरच पेन्सिल चालवली का तू?"

ओल्या प्लेटीवर पेन्सिल धरत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी लगेच त्याच पेटीतली दुसरी प्लेट घेतली. तोच उजेड, तीच खुर्ची. तिच्यात सगळे वण आले. दोन्ही काचा आम्ही बराच वेळ शेजारी शेजारी धरून बसलो.

"पयलीच पाठव," मालक शेवटी म्हणाले. "लगन होऊन जाईन तुयं."

पाठवायची होती दुसरी. मी पहिली छापून पाठवली. आठ दिवसांत निरोप आला, मुलगा पसंत आहे, घर पाहायला या.

जायच्या दिवशी मामा तापाने फणफणले, म्हणून मी एकटाच गाडीत बसलो. वाटलं, समोर बसून दोन शब्द बोललो की वणांचं कोणाला काही वाटणार नाही. माणूस आशेला लागला की असा खुळा होतो.

मुलीचे वडील अंगणातच उभे होते. चांगले हसतमुख गृहस्थ. रामराम झाला आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं.

"या, या. पोरगा मागून येऊन राहिला का?"

मग माझ्याच तोंडून निघालं, "त्याला ताप आला. मी त्याचा चुलतभाऊ."

"अरे रामा! बरं, बसा तं खरं. पोरीची पत्रिका देतो तुमच्याजवळ, त्याले नेऊन द्या." ते पत्रिका शोधायला आत गेले.

तेवढ्यात मुलगी पाणी घेऊन आली. हिरवं लुगडं, उंच बांधा. तांब्या ठेवला, पण गेली नाही.

"फोटो तुमचाच हाय ना?" तिने हळूच विचारलं.

मी उचललेला तांब्या तसाच खाली ठेवला.

"मी रोज पाहत होती. हे वण फोटोतही हायेत. बाबाले काहून दिसत नाई, मले समजत नाई." मग म्हणाली, "मले त्याचं काई नाई वाटत."

ती सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होती. तसं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं.

"नाही," मी म्हणालो. "तो मी नव्हे."

तिने क्षणभर वाट पाहिली, मग खाली पाहून आत निघून गेली. मी पत्रिका घेऊन परत आलो आणि मामांकरवी मुलाकडून नकार कळवला. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न वर्ध्याकडे झालं.

फोटो त्यांनी परत पाठवला. मी तो भिंग लावून पाहिला, मालकांनी पाहिला. वण नाहीत. कोणी म्हणेल, मामांनी तिच्या कानावर आधीच घातलं असेल. मामा शपथेवर नाही म्हणतात. आणि तसं असलं तरी त्या प्लेटीचं काय? तिच्या पेटीतल्या बाकीच्या अकराही प्लेटी ठीक निघाल्या.

त्या काचेत काय झालं आणि त्या मुलीला काय दिसलं, हे कोणा वाचकाला उलगडून सांगता आलं तर उपकार होतील. मी थकलो. पण वण दिसत असूनही ती माझ्यापाशी थांबली होती आणि "नाही" मी म्हणालो. ते मात्र कोणा भुताने माझ्याकडून वदवलं नव्हतं.