सुन्न टाच

दवाखाना बंद केल्यापासून कुणी जुनी आठवण विचारली, की मी फुरसं चावलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. ती चांगली संपते. टाचेची गोष्ट मी टाळत आलो. बायकोला ती अर्धी ठाऊक होती, आणि आता तीही नाही.

माझा दवाखाना कडाव गावात होता. जागा एका शेतकऱ्याची, दूधही त्याच्याच घरचं. भाताच्या लावणीला तो दरवर्षी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतून माणसं आणायचा. त्यांतली एक ठाकर बाई टाचेत काटा मोडला म्हणून आली. काटा खोल गेला होता. मी भुलीचं इंजेक्शन दिलं, चीर घेतली आणि काटा काढला. ती मान वाकडी करून पायाकडे बघत होती.

"माजाच पाय हाय ना ह्यो? कापताय नि कळत नाय."

"कळलं असतं तर बोंबलली असतीस."

"मी नाय बोंबलायची. चार पोरं काढली, वाडीत कुनाला आवाज गेला नाय."

"बरं. आता आठ दिवस पाय चिखलात घालायचा नाही."

"मग लावनी काय डोक्यावर उबी राहून करू?" म्हणाली आणि हसत, लंगडत गेली.

एक दिवस मध्ये गेला आणि शेतकरी तिला मोटरसायकलवर घालून घेऊन आला. टाच लाल, गरम, सुजलेली. पू धरत होता हे बघताच कळत होतं.

"डॉक्टर, ते परवाचं सुन्न करायचं मारा ना," तो म्हणाला. "रोपं पिवळी पडाय लागली. आवणात लावणीला माणूस नाय."

तीही म्हणाली, "द्या वो. दुकाय लागलं का वाकता येत नाय."

चीर मोठी करून पू काढायचा आणि तिला घरी बसवायचं, एवढंच माझं काम होतं. पण जागा त्याची होती, आणि मला नाही म्हणायची सवय नव्हती. सुजलेल्या भागात भूल नीट चढत नाही, आणि तिथं सुई खुपसली तर पू पसरतो. म्हणून मी घोट्यामागच्या नसेपाशी इंजेक्शन दिलं. टाच, तळवा, सगळं सुन्न झालं. सुई नेमकी बसली याचा मला आनंद झाला होता. हेही लिहून ठेवतो. गोळ्या दिल्या आणि तेवढ्यावर स्वतःच्या मनाची समजूत घातली. तिने पाय जमिनीवर आपटून पाहिला आणि मोटरसायकलवर बसून आवणात गेली.

त्याच दिवशी नेरळच्या नव्या इमारतीतला एकजण ओठाला टाके घालून घ्यायला आला होता. त्याला मी बजावून सांगितलं, भूल उतरेपर्यंत गरम चहा घेऊ नका, काही चावू नका, ओठ तुटला तरी तुम्हाला कळायचं नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला हे सांगितलं. सुन्न पायावर दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्या बाईला नाही सांगितलं.

मग लावणी संपेपर्यंत ती रोज सकाळी त्या सुईसाठी येत राहिली. शेवटी शेवटी सूज घोट्यापर्यंत चढली. एका सकाळी तळवा पुसताना माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. फुटक्या बाटलीची काच होती, मांसात रुतलेली.

"हे कधी लागलं?"

"काय लागलं?" तिने वाकून बघितलं. "आरं देवा. ही कवाची?"

बाहेर शेतकरी हॉर्न वाजवत होता. मी काच काढली, जखम धुतली, पट्टी बांधली आणि पुन्हा इंजेक्शन दिलं. काच बघितल्यावर दिलं.

त्यानंतर ती आली नाही. ताप चढला, पायाला वास सुटला, तेव्हा वाडीतल्यांनी तिला टेंपोत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं, हे इतकं वाढेपर्यंत काय चाललं होतं? मी म्हणालो, "फार उशिरा आली हो. वाडीतली माणसं ऐकत नाहीत." त्यांनी मान्य केलं. असं म्हटलं की सगळेच मान्य करतात. शेतकऱ्याचं दूध येत राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात मी वाडीवर गेलो. काय बोलायचं ते गाडीत पाठ करत होतो. ती अंगणात चिंचा फोडत बसली होती, कुबडी कुडाला टेकवलेली. तिने मला लगेच ओळखलं.

"आगं, पानी आन गं!" तिने सुनेला हाक मारली. "ह्ये आमचं डाक्टर. ह्यांच्या हातची सुई कळत नाय."

मी विचारलं, "बाई, कसं चाललंय?"

"चाललंय कुठं, बसलंय," ती म्हणाली आणि हसली. मग हातातली चिंच खाली ठेवली. "म्होट्या दवाखान्यात म्हनले, लय उशिरा आनली हिला. मी म्हनलं, आसंल बाबा. तुमी तर पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, चिकलात जाऊ नको. मीच आयकलं नाय. माजंच चुकलं, डाक्टर. तुमचं नाव खराब झालं आसंल."

सुनेने पाणी आणलं. मी ते प्यालो. निघताना तिने चिंचेचा गोळा फडक्यात बांधून दिला, तोही घेतला. गाडीत पाठ केलेलं तसंच परत घेऊन आलो.

ते असं होतं: बाई, तुम्ही उशिरा आला नव्हतात. तुम्ही रोज आलात. मी रोज तुमचा पाय सुन्न करून चिखलात पाठवला, आणि वर तुम्हीच उशिरा आलात असं सांगितलं. तुमचं काही चुकलं नाही. मला माफ करा.