उजव्या पायाचा वळसा

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी सारे गाव पिशव्या घेऊन बाहेर पडते. श्रीधर खांबेटे मात्र त्या वेळी संगणकासमोर बसलेले असत. गिअरबॉक्सच्या चाचण्या घेण्यात आयुष्य वेचलेला हा मितभाषी गृहस्थ मेलबर्नच्या एका फुटबॉल क्लबाच्या चाहत्यांची वादावादी एखाद्या नित्यपाठाच्या निष्ठेने वाचत असे. लंबगोल चेंडू हातातून सोडून पायाने दूर धाडायचा, असा तो ऑस्ट्रेलियाचा खेळ. त्या क्लबाने दोन हजार सहाच्या हंगामासाठी निवडलेल्या नवख्या मुलाचे नाव राजस खांबेटे होते.

राजस आठ वर्षांचा असताना श्रीधररावांची पत्नी विभावरी त्याला घेऊन मेलबर्नला, आपल्या भावाकडे गेली. पुढे रीतसर घटस्फोट झाला. कटुता फारशी नव्हती. पण अंतराने जे व्हायचे ते झाले. वाढदिवसाचे फोन आखडत गेले आणि मुलाची खुशाली परक्या माणसांच्या भांडणातून वेचण्याची पाळी पित्यावर आली.

भांडण एकाच गोष्टीचे होते.

"पोरगा पळतो हरणासारखा, पण लाथ मारताना उजवा पाय बाहेरून फिरवतो. चेंडू जातो प्रेक्षकांत," एकाने लिहिले.

"खुब्यात खोट आहे. आजारी घोडा गळ्यात मारलाय आपल्या."

"माझी आजी याहून सरळ मारेल."

"मग आजीलाच घ्या संघात. निदान वेळेवर तरी येईल."

श्रीधररावांनी 'डोनाऊ' या, गावच्या नदीवरून घेतलेल्या टोपणनावाने लिहिले, "त्याच्या खुब्यात काहीही दोष नाही."

"तू डॉक्टर आहेस का रे, डोनाऊ?"

"नाही. मी गिअरबॉक्स तपासतो."

"मग जरा तेल घाल त्याला."

ते मनाशी हसले. पण खुब्याची शंका मनातून जाईना. अखेर त्यांनी विभावरीला फोन लावला.

"अहो, सगळ्या तपासण्या झाल्यात," ती म्हणाली. घटस्फोटानंतरही तिचे 'अहो' सुटले नव्हते. "हाड उत्तम आहे. सवय आहे ती त्याची."

"कुणी लावली असली सवय?"

"तुम्हाला खरंच कळलं नाही? डोनाऊकाठच्या गवतावर त्याला चेंडू मारायला कुणी शिकवलं?"

श्रीधररावांचा हात नकळत आपल्या उजव्या मांडीवर गेला. बालपणीच्या पोलिओने तो पाय वाळवून टाकला होता. चालताना तो बाहेरून अर्धवर्तुळात फिरवूनच पुढे टाकावा लागे. चेंडू मारायचा तर डाव्यावर तोल धरून तसाच फिरवावा लागे. समोर उभा असलेला चिमुरडा एवढेच समजला की लाथ अशी मारतात. रोगाने पित्याला दिलेली विकृती पुत्राच्या निरोगी देहाने निव्वळ प्रेमाने उचलली होती. ज्या मुलाकडे आपले म्हणावे असे काही उरले नाही अशी त्यांची समजूत होती, तो दर शनिवारी हजारोंसमोर पित्याच्या पायाने खेळत होता.

पण विभावरीचे बोलणे संपले नव्हते.

"प्रशिक्षक ती लाथ बदला म्हणतात. हा हट्टाला पेटलाय. नाही बदलली तर हंगामाअखेरीस काढून टाकतील. माझं तो ऐकत नाही. तुम्ही सांगा."

"मी?"

"तुमचंच ऐकेल. तुमची आहे ना ती."

पुढच्या रविवारी राजस फोनवर आला. मराठी त्याला समजे. बापाशी मात्र तो लहानपणच्या, अर्ध्या विसरलेल्या जर्मनमध्ये बोले.

"मी ती बदलणार नाही, पप्पा," तो म्हणाला. "मला ती तशीच आवडते."

एवढे ऐकून फोन ठेवता आला असता, तर श्रीधरराव आयुष्यभर सुखी राहिले असते. त्यांनी आवाज कोरडा केला.

"राजस, मी तशी मारायचो, कारण मला सरळ मारता येत नव्हती. येत असती तर मी एकदाही तशी मारली नसती. तुला येते. मग मारत का नाहीस?"

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?" या वेळी त्याने मोडक्या मराठीत विचारले.

"वाईट कशाला वाटेल?" श्रीधरराव म्हणाले. "खुळा आहेस."

"गेनाऊ," अगदी बरोबर, असे मुलगा हलकेच जर्मनमध्ये म्हणाला. मग त्याने सरावाला उशीर होत असल्याचे सांगितले.

हंगाम सरता सरता चाहत्यांचा सूर पालटला. 'पोराचा पाय सुटला', 'आता बाण सुटल्यासारखा चेंडू जातो', असे जो तो लिहू लागला. क्लबाने त्याला आणखी दोन वर्षांसाठी ठेवून घेतले. आजीची थट्टा करणाऱ्याने एका सामन्याची छोटी चित्रफीत सर्वांसाठी ठेवली आणि खाली लिहिले, "डोनाऊ, तू पैज मारायला हवी होतीस."

श्रीधररावांनी ती लावली. एकसारख्या पोशाखातली मुले मैदानभर धावत होती. एकाने चेंडू झेलला, चार पावले टाकली आणि सरळ, निर्दोष, देखणी लाथ मारली. गर्दी उसळली. श्रीधरराव पाय बाहेरून फिरवणाऱ्या मुलाची वाट पाहत राहिले. चित्रफीत संपली.

मग त्यांनी चष्मा पुसला, क्लबाच्या यादीतून राजसचा क्रमांक शोधून काढला, आणि या वेळी पाठीवरचे आकडे वाचत ती पुन्हा पहिल्यापासून लावली.