कॅसेटमधलं नाव

डोंबिवली पूर्वेला एका जिन्याखाली तो रिपेअरिंगला बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. समोर आलेली कुठलीही वस्तू उघडण्याआधी तो तिच्यावर हलकेच फुंकर मारायचा, एवढं मात्र आठवतं.

चौऱ्याण्णव साल असेल. माझा धाकटा भाऊ बाळू काविळीने गेला, त्याला वर्ष झालं होतं. त्याच्या व्हिडिओ गेमची कॅसेट मी घेऊन गेलेले. आतला सेल पाझरून सर्किटवर हिरवा गंज चढला होता.

"सेल काढला तर मेमरी जाऊ शकते, ताई, जुने स्कोअर पुसले जातील. ठेवला तर गंज सगळी प्लेट खाईल. आधी एकदा बघून घ्या."

त्याने कॅसेट टीव्हीवर लावली. स्कोअरच्या यादीत सगळ्यात वर बाळूचं नाव होतं. मी बघतच राहिले. हा कोण, असं त्याने विचारलं नाही.

मग मेमरी टिकावी म्हणून त्याने दुसरा सेल वायरींनी जोडून घेतला आणि जुना काढला. टूथब्रशला स्पिरिट लावून गंज घासला, प्लेटवरच्या तुटलेल्या रेषा केसाएवढ्या तारेने जोडल्या. तासभर मान वर केली नाही.

गेम झकास सुरू झाला. यादी रिकामी होती.

"कॅसेट दुरुस्त झाली," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमचं काम नाही झालं."

मी निघाले तरी तो जुना सेल आणि वायरी भिंगाखाली धरून बघत होता, आपलं कुठे चुकलं ते.

बाळूच्या आजारात किती डॉक्टर झाले. आपलं कुठे चुकलं ते शोधत बसलेला माणूस मला तो एकच भेटला.